जावा प्रकल्पात दोन लायब्रऱ्यांचं भांडण, मिटवायचं कसं?

कोड कंपाइल होतो, कुठेही लाल रेघ नाही. पण ग्राहकाच्या सर्व्हरवर चढवला की प्रोग्राम कोसळतो. बेळगाव, इंदूर, हैदराबादहून आयटीत गेलेल्या आपल्या अनेक मुलामुलींना हा अनुभव नवा नाही. दर वेळी चूक त्यांच्या कोडची असतेच असं नाही.

एक गाजलेलं उदाहरण घेऊ. गुगलच्या ‘ग्वावा’ लायब्ररीच्या १७व्या आवृत्तीत ‘स्टॉपवॉच’ क्लासचा कन्स्ट्रक्टर बाहेरच्यांसाठी बंद झाला. ‘एचबेस’च्या जुन्या आवृत्त्या तोच थेट वापरत होत्या. प्रकल्पात दुसऱ्या कुठल्या लायब्ररीमुळे नवी ग्वावा शिरली, की एचबेस चालता चालता अडायचं.

भांडण कशामुळे?

साध्या जावात सगळ्या जार फाइल्स एकाच क्लासपाथवर असतात. एकाच नावाचे दोन क्लास असले तर आधी सापडेल तो घेतला जातो. मेव्हन अवलंबनांच्या झाडात मुळाला जवळची आवृत्ती निवडतं, ग्रेडल सहसा सर्वांत नवी. म्हणजे टूल बदललं की निकालही बदलू शकतो.

दोन चौकटी, दोन नियम

एकाच गल्लीत दोन पाटील असले तर पोस्टमन घर नंबर बघतो. ‘ओएसजीआय’ तसंच करतं. प्रत्येक बंडलला स्वतंत्र क्लासलोडर असतो आणि मॅनिफेस्टमध्ये कुठलं पॅकेज, कुठल्या आवृत्तीपर्यंत चालेल, हे लिहिता येतं. त्यामुळे दोन आवृत्त्या शेजारी शेजारी नांदतात.

२०१७ मध्ये जावा ९ सोबत आलेली मॉड्यूल व्यवस्था मात्र फक्त मॉड्यूलचं नाव विचारते, आवृत्ती नाही. ती निवड बिल्ड टूलवर सोडलेली आहे. एकच पॅकेज दोन मॉड्यूलमध्ये सापडलं तर प्रोग्राम सुरूच होत नाही. म्हणून ओएसजीआयमध्ये सुखाने चाललेली जार इथे अडू शकते.

मग करायचं काय?

१. आधी अंदाज बांधू नका. मेव्हनची ‘डिपेंडन्सी ट्री’ कमांड चालवा आणि कुठली आवृत्ती कोण ओढून आणतंय ते बघा.

२. सगळ्यांना चालेल अशी एक आवृत्ती असेल तर ‘डिपेंडन्सी मॅनेजमेंट’मध्ये ती पक्की करा.

३. दोन्ही आवृत्त्या लागतातच, तर ओएसजीआयमध्ये वेगळी बंडल्स करा. नाहीतर मेव्हनच्या ‘शेड’ प्लगइनने एका आवृत्तीच्या पॅकेजचं नाव बदलून ती आपल्या जारमध्येच बांधा.

४. वादातल्या लायब्ररीचे ऑब्जेक्ट बंडलच्या हद्दीबाहेर देऊ नका. जावात क्लासची ओळख नाव आणि क्लासलोडर मिळून ठरते. नाव तेच, पण लोडर वेगळा असेल तर ‘क्लास कास्ट एक्सेप्शन’ येणारच. दोघांना लागणारे इंटरफेस एकाच बंडलमधून द्या.

आणि एक, आवृत्त्या एका वेळी एकच वाढवा. पाच एकदम बदलल्या तर बिघाड कुणी केला हे शोधण्यातच रात्र जाते.