अ‍ॅबिलीनचे पाच हंगाम
अमेरिकेच्या कॅन्सास राज्यातले अ‍ॅबिलीन हे आज साडेसहा हजारांच्या आसपास वस्तीचे गाव. त्याचे नाव निघाले की वाइल्ड बिल हिकॉक आणि त्याची पिस्तुले आठवतात. हिकॉक इथे मार्शल होता हे खरे, पण तो १८७१च्या एप्रिलपासून डिसेंबरपर्यंतच. गावाचे नशीब त्याच्या पिस्तुलाने घडवले नाही. ते घडवले एका गुरांच्या व्यापाऱ्याने, नव्याने टाकलेल्या रेल्वेमार्गाने, सरकारने काणाडोळा केलेल्या एका कायद्याने आणि गोचिडीने. सरहद्दीवरच्या वस्त्यांचा इतिहास चकमकींऐवजी व्यवहारांतून वाचला, तरच त्या का वसल्या आणि का बदलल्या हे कळते.

१८५७मध्ये टिमथी हर्सी याने ही वस्ती मांडली. दहा वर्षांनंतरही तिथे डझनभर ओबडधोबड झोपड्यांपलीकडे फारसे काही नव्हते. इलिनॉयचा जोसेफ मॅकॉय १८६७मध्ये तिथे आला तो एक हिशेब घेऊन. यादवी युद्धानंतर टेक्ससमध्ये लांब शिंगांची गुरे उदंड झाली होती आणि तिथे तीन-चार डॉलरना मिळणाऱ्या बैलाला उत्तरेत दहापट भाव येत होता. कॅन्सास पॅसिफिक रेल्वे नुकतीच अ‍ॅबिलीनपर्यंत पोचली होती. मॅकॉयने जमीन घेतली, लाकडी कुंपणांचे वाडे बांधले, व्यापाऱ्यांसाठी ‘ड्रोव्हर्स कॉटेज’ हे हॉटेल उभारले आणि टेक्ससच्या गुरेवाल्यांकडे माणसे धाडली. त्या सप्टेंबरात गुरांची पहिली आगगाडी शिकागोकडे सुटली आणि पहिल्याच हंगामात सुमारे ३५,००० गुरे आली. दक्षिणेकडून येणाऱ्या वाटेला जेसी चिझम या चेरोकी रक्ताच्या व्यापाऱ्याचे नाव पडले. त्याच्या गाड्यांनी ती वाट मळली होती, पण टेक्ससची गुरे त्याने स्वतः कधी हाकली नाहीत.

यातला सगळ्यांत विलक्षण भाग कायद्याचा आहे. टेक्ससची गुरे जिथून जात, तिथली स्थानिक गुरे तापाने मरत. पाहुणी गुरे मात्र ठणठणीत असत, त्यामुळे शेतकऱ्याचे गाऱ्हाणे टेक्ससवाल्यांना पटत नसे. हा ताप गोचीड पसरवते, हे थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेड किलबोर्न यांनी १८९३मध्ये सिद्ध केले. पण कारण ठाऊक नसतानाही शेतकऱ्यांचे निरीक्षण बरोबर होते. त्यांच्या दबावाखाली कॅन्सासने १८६७मध्येच टेक्ससच्या गुरांना राज्याच्या पूर्व भागात बंदी घातली आणि अ‍ॅबिलीन नेमके त्या बंदीच्या हद्दीत होते. तरी गव्हर्नर सॅम्युएल क्रॉफर्ड यांनी मॅकॉयच्या बेताला पाठिंबा दिला. म्हणजे ज्या गावाची ख्याती कायद्याच्या रखवालदारामुळे झाली, त्याची भरभराट मुळात बेकायदा होती. त्या नियमभंगाने शेतकऱ्यांचे गोठे ओस पडले. माझ्या मते पिस्तुलांच्या कुठल्याही गोष्टीपेक्षा याचा हिशेब आधी मांडायला हवा.

यावर आक्षेप येईल की हिंसा खरी होती, ती बाजूला कशी सारायची? गावाचा आधीचा मार्शल टॉम स्मिथ १८७०च्या नोव्हेंबरात मारला गेला. पुढच्या ऑक्टोबरात हिकॉकने फिल को याच्यावर गोळ्या झाडल्या आणि त्याच गडबडीत आपलाच सहकारी माइक विल्यम्स याला ठार केले. इतिहासकार रॉबर्ट डायक्स्ट्रा यांनी कॅन्सासच्या पाच गुरेबाजारांत १८७० ते १८८५ या काळातले ४५ खून मोजले, म्हणजे दंतकथेच्या मानाने फारच थोडे. टीकाकार म्हणतात, वस्तीच चिमुकली असल्याने दरडोई प्रमाण भयंकर ठरते. टीका रास्त आहे. अशा गावात राहणे धोक्याचे होते. पण त्यातून धोका किती होता एवढेच कळते. व्यापार का आला आणि का गेला, याचे उत्तर त्यात नाही.

तो गेला तो एका पत्रकाने. १८७२च्या फेब्रुवारीत, अ‍ॅबिलीन ज्यात येते त्या डिकिन्सन परगण्याच्या रहिवाशांनी टेक्ससच्या गुरेवाल्यांना जाहीरपणे कळवले की दुसरे ठिकाण शोधा, या धंद्याचे दुष्परिणाम आम्ही यापुढे सोसणार नाही. यामागे थिओडोर हेन्री होता. हिवाळी गव्हावर पैसा लावणाऱ्या हेन्रीला उभ्या पिकातून कळप नको होते. बाजार एल्सवर्थ, विचिटा असा सरकला आणि अ‍ॅबिलीनच्या दुकानदारांवर कठीण दिवस आले. १८७४मध्ये टोळधाडीने कॅन्साससह सगळा माळ खाऊन टाकला. त्याच वर्षी रशियातून आलेल्या मेनोनाइटांनी मध्य कॅन्सासमध्ये ‘टर्की रेड’ हा चिवट गहू आणला आणि पुढे या मुलखाची शेती त्यावर उभी राहिली. १८९२मध्ये आयझेनहॉवर कुटुंब इथे स्थिरावले. भावी राष्ट्राध्यक्षाचे वडील लोण्याच्या कारखान्यात यंत्रे सांभाळत. हे सारे गुरांच्या पाच हंगामांनंतरचे, आणि माझ्या दृष्टीने जास्त मोठे, अ‍ॅबिलीन.

मात्र शेतकऱ्यांची बाजू घेतानाही एक अडचण उरते. हा मुलूख कॉ या मूळ अमेरिकी जमातीच्या लोकांचा होता आणि १८२५ व १८४६च्या करारांनी तो त्यांच्याकडून काढून घेतला गेला. गुरेवाले आणि गहूवाले या जमिनीवर भांडले, त्याआधीच तिचे मूळ धनी बाजूला सारले गेले होते. पत्रक निघाल्याच्या पुढच्याच वर्षी, १८७३मध्ये, कॅन्सासमध्ये उरलेल्या कॉ लोकांनाही दक्षिणेला इंडियन टेरिटरीत हलवण्यात आले.