दूरचित्रवाणीचा आवाज आणि साउंडबारची निवड

पडद्यावरील पात्र काय बोलले, हे घरातील वडीलधाऱ्यांना पुष्कळदा शेजारी बसलेल्यास विचारावे लागते. आवाज वाढवावा, तर पार्श्वसंगीत अंगावर येते. शब्द मात्र अस्फुटच राहतात. दोष दर वेळी कानांचाच असतो असे नाही. संच पातळ होत गेले, तसे त्यांतील स्पीकर लहान झाले व त्यांची तोंडे बहुधा खाली किंवा मागे वळली.

यावर उपाय म्हणून साउंडबार घ्यावयाचा, तर खोक्यावरील वॅटच्या मोठ्या आकड्याने भुलू नये. २.१ किंवा ३.१ हा छोटा आकडा त्याहून बोलका असतो. टिंबापुढील एक म्हणजे खर्जाच्या नादासाठी असलेला सबवूफर. टिंबाअलीकडील दोन म्हणजे डावी व उजवी वाहिनी. तीन असल्यास त्यांच्या मध्ये आणखी एक, आणि चित्रपटातील संवाद मुख्यतः हिच्याच वाट्याला येतात. ज्या घरी शब्द कळण्याची अडचण आहे, तेथे दणक्यापेक्षा या मधल्या वाहिनीसाठी पैसे मोजावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

५.१.२ मधील शेवटचे दोन स्पीकर आवाज छताकडे फेकतात. तेथून परतलेला ध्वनी वरून आल्यासारखा भासतो. त्यास सपाट, बेताच्या उंचीचे छत हवे. गोव्याकडील उतरत्या कौलारू घरात हा खर्च बव्हंशी व्यर्थ होय.

संचाच्या मागे ‘एचडीएमआय एआरसी’ असा पोर्ट आहे काय, हे घरूनच पाहून निघावे. जुन्या संचास ऑप्टिकल वायर चालते. दुकानात गाण्याऐवजी बातम्या लावावयास सांगाव्यात, आणि ऐकण्यासाठी आईला सोबत न्यावे.