१६० चौरस फुटांतला मजकूर

नारायण मल्हार जोशी मार्ग. पाटीवर ना. म. जोशी मार्ग. तोंडात मात्र डिलाईल रोडच! १९२० मध्ये आयटक उभारणाऱ्यांतल्या या कामगार पुढाऱ्यालाही आपण दोन टिंबांत बसवलं.

पत्त्याचंही तेच. गिरण्यांच्या काळात पाकिटावर ‘मुंबई १३’ लिहिलं की भागायचं. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला आणि १३ चे ४०००१३ झाले. तो आखला श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी. सूत्रात बोलायची सवय असणारच!

आता हीच काटकसर एआयवाले शिकतायत. मॉडेल मजकूर मोजतं टोकनांत, म्हणजे शब्दांच्या तुकड्यांत, आणि मीटर पडतं टोकनावर. समजा, चाळीच्या गणपतीची वर्गणी त्याला ‘जेसन’ मांडणीत दिली. ‘नाव: सावंत, खोली: १२, वर्गणी: ५०१’. मग ‘नाव: परब, खोली: १३, वर्गणी: ३०१’. ऐंशी खोल्या, तर ऐंशी वेळा नाव-खोली-वर्गणी, शिवाय दरवेळी अवतरणचिन्हं आणि महिरपी कंस. खजिनदार असं लिहायला बसला तर आरतीच्या आधी वही संपेल. तो वर एकदाच रकाने आखतो. खाली नुसतं सावंत, १२, ५०१. पुढच्याचीही रक्कम तीच असेल तर दोन छोट्या रेघा, काम संपलं. सीएसव्ही म्हणजे हीच वही, रेघा सोडून. २०२५ मध्ये आलेली ‘टून’ मांडणीही तशीच, फक्त माथ्यावर एकूण किती ओळी तेही सांगतं. एखादा परब गळला तर लगेच पकडला जातो.

मराठीला मीटर जरा जास्तच पडतं. ‘डिलाईल’ रोमन लिपीत सात अक्षरं, सात बाइट. देवनागरीत चिन्हं सहा, बाइट अठरा! एका एसएमएसमध्ये रोमन अक्षरं मावतात १६०, देवनागरी ७०. (डिलाईल रोडवरच्या बीडीडी चाळीतली खोलीही १६० चौरस फुटांची. तिथे मात्र आम्ही सगळे मावायचो.) मे २०२४ मध्ये ओपनएआयने जीपीटी-४ओ आणताना नमुन्याचा एक मजकूर दाखवला होता: मराठीत आधी ९६ टोकन, नव्या पद्धतीत ३३. इंग्रजीत तोच २७ वरून २४.

पण म्हणून उगाच आखूड करायला जाऊ नका. ‘सा. न. वि. वि.’ दिसतं इवलंसं, पण टिंबाटिंबाला तुकडे पडले की साधा ‘नमस्कार’ स्वस्त पडू शकतो. माझं मत विचाराल तर शब्दांना कात्री लावण्याआधी रकाने आखा.

मॉडेलांची जागा आता ऐसपैस झाली आहे, अख्खी पुस्तकं मावतात. बीडीडी चाळकऱ्यांनाही पुनर्विकासात ५०० चौरस फूट मिळतायत. पण मॉडेलच्या जागेचं भाडं टोकनावर लागतं, हे कुणी आधी सांगत नाही.