डाव आणि त्याची तोड

कुस्तीच्या आखाड्यात ‘डाव’ या शब्दापाठोपाठ ‘तोड’ हा शब्द येतोच. धोबीपछाड असो की कलाजंग असो, प्रत्येक डावाला काही ना काही तोड असते, आणि ती असते म्हणूनच दोन मल्लांची झुंज पाहण्यासारखी होते. ज्याला तोडच नाही असा डाव एखाद्याला सापडला, तर तो मल्ल अजिंक्य होईल हे खरे. परंतु त्या दिवसापासून आखाडा ओस पडेल. आज मी ज्या आखाड्याविषयी बोलणार आहे, तो मातीचा नाही. तो व्हिडिओ गेमच्या पडद्यावरचा आहे. पण डाव आणि तोड यांचा हा नियम तेथेही तितकाच खरा आहे.

आपल्या घरातील एखादा मुलगा वा मुलगी वहीत एका काल्पनिक पात्राचे चित्र काढून त्याच्याभोवती बाण, आकडे आणि डावांची नावे लिहीत बसलेली आपण पाहिली असेल. हा वेळेचा अपव्यय आहे, असे वडीलधाऱ्यांना वाटणे स्वाभाविक आहे. तथापि त्या वहीत नेमके काय चालले आहे, हे समजून घेतले तर आपले मत थोडे बदलेल, अशी मला आशा वाटते.

प्रथम या खेळाची ओळख करून घेऊ. १९९० नंतरच्या दशकात जपानमधील हॅल लॅबोरेटरी या संस्थेत मासाहिरो साकुराई नावाचा तरुण रचनाकार आणि सातोरू इवाता हा कुशल प्रोग्रामर असे दोघे काम करीत होते. साकुराई यांनी कल्पना मांडली आणि इवाता यांनी मुख्यतः सुटीच्या दिवशी बसून तिचा प्रोग्रॅम लिहिला. त्या पहिल्या नमुन्याला त्यांनी आपल्या कचेरीच्या गावावरून ‘र्‍यूओ’, म्हणजे नागराज, असे नाव दिले होते. त्यात प्रसिद्ध पात्र एकही नव्हते. साध्या, चेहराहीन आकृत्या एकमेकींशी झुंजत होत्या. पुढे त्या आकृत्यांच्या जागी निन्टेन्डो कंपनीची लोकप्रिय पात्रे आली आणि १९९९ साली ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ हा खेळ बाजारात आला. तेव्हा त्यात १२ लढवय्ये होते. २०१८ साली आलेल्या ‘अल्टिमेट’ या भागात ही संख्या ८० च्याही पुढे गेली.

इतर लढतींच्या खेळांत प्रत्येकाच्या नावापुढे शक्तीची एक पट्टी असते व मार बसेल तशी ती रिकामी होत जाते. येथे याच्या उलट आहे. हवेत तरंगणाऱ्या चौथऱ्यांवर लढत होते. मार बसेल तसा तुमच्यापुढचा शेकड्याचा आकडा शून्यापासून वर चढतो. आणि तो जितका मोठा, तितके पुढच्या फटक्यासरशी तुम्ही दूर फेकले जाता. चौथऱ्याच्या कडेपलीकडे, पडद्याच्या हद्दीबाहेर गेलात की एक डाव हरलात. म्हणून या खेळात मारण्याइतकेच महत्त्व परत येण्याला आहे. कडेबाहेर फेकला गेलेला लढवय्या पुन्हा चौथऱ्यावर कसा पोहोचतो, हा प्रत्येक पात्राच्या रचनेतील कळीचा प्रश्न असतो.

आता डावांची मोजणी करू. उभ्याने मारण्याचा एक आणि धावत मारण्याचा एक. पुढे, वर व खाली असे तीन हलके फटके. त्याच तीन दिशांचे तीन जोरकस फटके. उडी मारून हवेत मारण्याचे पाच. पकड घेऊन चार दिशांना फेकण्याचे चार. आणि ज्यांवरून पात्र ओळखले जाते असे चार विशेष डाव. एकंदर २१ झाले. इंग्रजीत याला मूव्हसेट म्हणतात. आपण डावसंच म्हणू. पात्रांचे चाहते जेव्हा एखाद्या आवडत्या पात्रासाठी असा संच रचतात, तेव्हा या २१ रिकाम्या जागा त्यांच्यापुढे असतात. त्या भरणे सोपे आहे. त्या अशा भरणे की २१ डाव मिळून एक व्यक्ती उभी राहावी, हे मात्र कठीण आहे.

पहिला दंडक असा, की डाव पात्राच्या स्वभावातून आणि पूर्वचरित्रातून उगवला पाहिजे. याची एक गमतीदार साक्ष आपल्या परिचयाची आहे. २०१४ सालच्या भागात व्यायाम शिकवणारी एक शिक्षिका लढवय्यी म्हणून आली. तिच्या मूळ खेळात तर ती फक्त आसने आणि व्यायाम करून दाखवी. रचनाकारांनी तिला तलवार दिली नाही. तिची आसनेच तिचे डाव केले. वीरभद्रासनात हात पुढे येतो तो फटका, वृक्षासनात दोन्ही हात वर जातात तो दुसरा. आणि तिचा एक विशेष डाव तर चक्क सूर्यनमस्कार आहे, त्यातून तेजाचा गोळा निघतो. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ज्या सूर्यनमस्काराचा हयातभर प्रचार केला, तो जपानी खेळात या वाटेने पोहोचावा, ही नवलाचीच गोष्ट म्हटली पाहिजे.

परंतु पूर्वचरित्रात लढाईचा मागमूसही नसेल तर? कॅप्टन फाल्कन हा १९९० सालच्या ‘एफ-झीरो’ या शर्यतीच्या खेळातील चालक. तेथे तो गाडीतच बसलेला असतो. त्याचा जगप्रसिद्ध झालेला ज्वालामय ठोसा १९९९ साली नव्याने कल्पिलेला आहे. तरीही तो परका वाटत नाही, कारण वेग आणि बेदरकारपणा हा त्या पात्राचा स्वभाव त्यात उतरला आहे. या ठोशाला सुरुवात केल्यापासून तो लागेपर्यंत पाऊण सेकंदाहून अधिक काळ जातो. लागला तर प्रतिस्पर्धी दूर भिरकावला जातो. चुकला तर मारणारा स्वतःच उघडा पडतो. येथे आपण दुसऱ्या दंडकाशी येऊन पोहोचतो.

हा दुसरा दंडक म्हणजे, प्रत्येक सामर्थ्याची किंमत मोजली गेली पाहिजे. मुष्टियोद्धा लिटल मॅक जमिनीवर भयंकर आहे. पण त्याचे पाय जमिनीवरून सुटले की तो केविलवाणा होतो. जिगलीपफ हा फुग्यासारखा गोल प्राणी हवेत मनसोक्त तरंगतो. परंतु इतका हलका आहे की एका चांगल्या फटक्याने उडून जातो. त्याचा सर्वांत जबर डाव म्हणजे शत्रूला चिकटून झोपी जाणे! तो साधला तर शत्रू गेला. चुकला तर झोपलेल्या जिगलीपफला कोणीही यावे आणि मारावे. हसू आणणारा हा डाव रचनेच्या दृष्टीने अगदी चोख आहे.

किंमत ठरवताना चाहत्याला वेळेचे गणित करावे लागते. हा खेळ सेकंदाला ६० चित्रांच्या गतीने चालतो. डोळ्यांनी काही पाहून बोटाने कळ दाबायला माणसाला साधारण पाव सेकंद, म्हणजे सुमारे १५ चित्रे लागतात. तेव्हा जो डाव ५ चित्रांत लागतो, तो पाहून अडवता येत नाही. त्याचा अंदाजच बांधावा लागतो. साहजिकच असा डाव कमजोर असावा. जो डाव ३० चित्रे घेतो, तो समोरचा पाहू शकतो. म्हणून तो जबर असला तरी चालेल. याखेरीज एक त्रिकोण ध्यानात ठेवावा लागतो : ढाल फटक्याला अडवते, पकड ढालीला निष्प्रभ करते आणि फटका पकडीला मागे टाकतो. ज्या डावापुढे या तिन्हींपैकी एकही उपाय चालत नाही आणि ज्याला चुकवताही येत नाही, तो डाव वहीतून खोडला पाहिजे.

एक उदाहरण घेऊन ही रचना करून पाहू. वालुईजी हे पात्र २००० साली ‘मारिओ टेनिस’ या खेळात आले, तेही वारिओ या पात्राला दुहेरीसाठी जोडीदार हवा म्हणून. त्याच्या जपानी नावात ‘वाईट’ या अर्थाचा शब्द लुईजीच्या नावाशी गुंफलेला आहे. उंच, काटकुळा, जांभळ्या टोपीवर उलटे इंग्रजी एल अक्षर. टेनिस, गोल्फ, मोटारींची शर्यत, सर्वत्र तो हजर; पण त्याच्या स्वतःच्या नावाचा खेळ नाही. स्मॅशमध्ये २००८ पासून तो केवळ क्षणभर मदतीला येणारा साहाय्यक आहे; २०१८ च्या भागातही तो लढवय्या झाला नाही आणि त्याचे चाहते फार हळहळले. त्यांच्या वह्यांत त्याचे डावसंच असंख्य आहेत. आपणही त्यात एकाची भर घालू.

लांब हातपाय म्हणजे लांब पल्ला. पण उंच देह म्हणजे मोठे लक्ष्यही. वजन कमी ठेवू, म्हणजे तो लवकर उडेल. ही त्याची मूळ किंमत. त्याचा जोरकस फटका टेनिसच्या रॅकेटचा : १८ चित्रांनी लागणारा, जाळीच्या टोकाशी लागला तर शेकड्याचा आकडा १६ ने वाढवणारा, आणि मुठीजवळ लागला तर केवळ ९ ने. फटका हुकला तर ४० चित्रे, म्हणजे दोन तृतीयांश सेकंद, तो अडकून राहील. मग त्याच्याशी कसे लढावे? आत घुसून, अगदी जवळून. तोड सापडली.

पहिला विशेष डाव चेंडू मारण्याचा. चेंडू सरळ जाईल. परंतु समोरच्याने वेळेवर फटका मारला तर तो उलटून येईल आणि वालुईजीला तो पुन्हा परतवावा लागेल. दर खेपेस वेग वाढेल. या डावाची तोड डावातच आहे, आणि टेनिसमध्ये जन्मलेल्या पात्राला हेच शोभते. दुसरा डाव चोरपावलांनी शत्रूच्या पाठीमागे जाण्याचा : त्यात मार काहीच नाही, केवळ फसवणूक आहे, ज्याने ती ओळखून पाठ फिरवली, त्याच्या हाती वालुईजी आयता लागेल. तिसरा, परत येण्याचा. २००४ सालच्या ‘मारिओ पॉवर टेनिस’मध्ये तो दूरचा चेंडू गाठण्यासाठी हवेतून पोहत जातो. तेच येथे आणू : अंतर पुष्कळ, पण गती मंद आणि अंगाभोवती संरक्षण नाही. चौथा, पाय आपटून शत्रूला जमिनीत रोवण्याचा. साहाय्यक म्हणून तो हेच करतो. मात्र नेम चुकला तर त्याचाच पाय मातीत रुतेल. जो दुसऱ्याला खड्ड्यात घालू पाहतो त्याचे असे होणे, हे त्याच्या स्वभावाला धरूनच झाले.

पाहा, आपण त्याला चार विशेष डाव दिले आणि चारांतही एकेक उणीव ठेवली. चाहत्याला येथेच खरी परीक्षा द्यावी लागते. ज्या पात्रावर आपले प्रेम आहे, त्याला सर्व काही द्यावे, त्याचा वेग वाढवावा, त्याच्या फटक्याला दोन आकडे अधिक जोडावे, असे मनात येतेच. पण या खेळात पडद्याच्या दुसऱ्या बाजूला एक माणूस बसलेला असतो. त्याच्या हातीही कळा आहेत, त्यालाही संध्याकाळ आनंदात घालवायची आहे. २००८ च्या भागातील मेटा नाइट या पात्राकडे वेग होता, पल्ला होता, परत येण्याच्या अनेक वाटा होत्या आणि दाखवण्याजोगी उणीव जवळजवळ नव्हती. परिणाम असा झाला की काही स्पर्धांच्या आयोजकांनी २०१२ च्या सुमारास त्याच्यावर बंदी घातली. ज्याला सर्व काही मिळाले, त्यालाच आखाड्याबाहेर उभे राहावे लागले.

म्हणून संच लिहून झाला की तो मित्राच्या हाती द्यावा आणि त्याला एकच विचारावे : “तू याला कसा हरवशील?” त्याला उत्तर सुचले नाही तर आपली रचना अपुरी आहे. ज्यांना कागदाबाहेर जायचे असेल त्यांनाही वाट आहे. २०१७ साली आलेल्या ‘रायव्हल्स ऑफ ईथर’ या याच जातीच्या खेळात, पुढे झालेल्या सोयीमुळे, चाहत्यांनी रचलेली पात्रे प्रत्यक्ष उतरवून खेळता येतात. तेथे समजते की कागदावर योग्य वाटलेली १८ चित्रे हाताला किती निराळी लागतात.

हे संच मूळ खेळात कधी जातील का? क्वचितच. २०१५ साली चाहत्यांचा कौल घेण्यात आला आणि त्यात सर्वांत पुढे असलेला सोरा २०२१ च्या ऑक्टोबरात शेवटचा लढवय्या म्हणून आला. परंतु त्याचे डाव अर्थातच रचनाकारांनी रचले, कोणा चाहत्याच्या वहीतून घेतले नाहीत. बहुतेक वह्या कपाटातच राहणार. तरीही त्या लिहिणाऱ्या मुलाने आपल्या लाडक्या पात्राच्या नावापुढे स्वतःच्या हाताने ‘हुकल्यास ४० चित्रे अडकेल’ असे लिहिलेले असते. आपल्या माणसाला झुकते माप देण्याची संधी हाती असताना, जो समोर बसणार आहे त्याचाही विचार त्याने केलेला असतो. पुढच्या वेळी ती वही दिसली, तर रागावण्यापूर्वी तिच्यातला एखादा डाव वाचून पाहावा आणि त्याची तोड कोणती, एवढे त्याला विचारावे. तो आनंदाने सांगेल.