अबोला आणि बडबड

कला शाखेच्या विद्यार्थ्याने विजेच्या तारांच्या वाटेला जाऊ नये, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. वास्तविक 'आर्डुइनो' हा छोटा बोर्ड २००५ साली इटलीतील इव्रेआ गावी जन्मला, तो अभियंत्यांसाठी नव्हे, तर रचनाकला शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी! हे कळल्यावर मला धीर आला आणि दिवाळीच्या सुटीत विज्ञान शाखेतील मित्राकडून मी 'आर्डुइनो उनो' मागून आणला. त्यावरील मायक्रोकंट्रोलरने संगणकाच्या पडद्यावर रोमन लिपीत 'नमस्कार' लिहावे, एवढीच माझी माफक अपेक्षा. उमटले मात्र चौकोन आणि उलटी प्रश्नचिन्हे. बोर्ड जळाला, आता भरून द्यावा लागणार, या धास्तीने रात्रभर झोप लागली नाही.

बोर्ड धडधाकट होता. चूक माझीच होती. ती समजण्यासाठी हे संभाषण कसे चालते ते पाहू.

अक्षरे तारेवरून एकेका बिटाने, रांगेने जातात. एका अक्षराचे ८ बिट, आधी आरंभाचा एक व शेवटी समाप्तीचा एक, असे एकूण १०. सोबत घड्याळाचा ठोका पाठवला जात नाही. म्हणून वेग आधीच ठरवावा लागतो. त्याला 'बॉड रेट' म्हणतात. एमिल बोदो या फ्रेंच तारायंत्र-अभियंत्याच्या नावावरून हा शब्द आला. वेग ९६०० असेल तर सेकंदाला ९६० अक्षरे जातात.

माझ्या प्रोग्रॅममध्ये वेग होता ११५२००, पडद्याच्या खिडकीत ९६००. म्हणजे ऐकणारा एक बिट ऐकेपर्यंत बोलणाऱ्याचे बारा बिट, अर्थात एक सबंध अक्षर, सांगून झालेले! गायकाने द्रुत लयीत गावे आणि श्रोत्याने विलंबिताच्या मात्रा मोजाव्यात, तशी गत. दोन्हीकडे एकच आकडा ठेवताच 'नमस्कार' उमटला.

तेव्हा नवशिक्याने आधी एवढेच पाहावे: यंत्र बडबडते आहे, की अबोल आहे? बडबड हे बहुधा सुचिन्हच. तार जोडलेली आहे, फक्त वेग जुळत नाही.

अबोला असेल तर क्रमाने पाहावे. काही केबलींतून केवळ वीज जाते. दिवा लागतो, पण संगणकाला बोर्ड दिसत नाही. मग योग्य पोर्ट निवडला आहे का? प्रोग्रॅमच्या आरंभी 'सीरियल.बिगिन' लिहिले आहे का? उनोच्या ० आणि १ क्रमांकाच्या पिनांना काही जोडले असेल तर ते काढावे, कारण यूएसबीचे संभाषणही त्याच वाटेने चालते. दुसरे यंत्र जोडताना एकाचे बोलणे दुसऱ्याच्या ऐकण्याला जोडावे आणि दोघांची ग्राउंड तार एक करावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही.

देवनागरीचा मोह प्रथम टाळावा. रोमन 'नमस्कार' ८ बाइटांत मावतो. देवनागरीत, यूटीएफ-८ पद्धतीने, त्याला २१ बाइट लागतात. समोरच्या खिडकीला ती पद्धत उमगली नाही, तर वेग जुळूनही पुन्हा बडबडच.

बोर्ड मी सुटी संपताच परत केला. "जळला तर नाही ना?" मित्राने विचारले. मी म्हणालो, "नाही रे, मीच नीट ऐकत नव्हतो."