शस्त्रक्रियेला मंजुरी कोणाची?

गेल्या वर्षी अमडापूरच्या एस. टी. थांब्यावर माझा एक शेतकरी शेजारी भेटला. चिखलीची गाडी यायची होती. हातात कापडी पिशवी. तीत अँजिओग्राफीचा अहवाल, केशरी रेशनकार्ड आणि विमा कंपनीचे पत्र. डॉक्टरांनी बायपास सांगितली होती. मुलगा पुण्याला नोकरीस. त्याच्या खासगी पॉलिसीत बापाचेही नाव होते. ‘आजार पॉलिसीच्या आधीचा’ असे म्हणून कंपनीने नकार कळवला होता. पिशवी पुढे धरून तो म्हणाला, ‘‘गुरुजी, डॉक्टरनं माही छाती पाह्यली. कंपनीनं काय पाह्यलं?’’

प्रश्न साधा आहे. पण उत्तर शोधायचे तर विमा कोणाच्या मालकीचा, हे आधी पाहावे लागते.

१ जानेवारी १९७३ रोजी सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. १९८६ मध्ये ‘मेडिक्लेम’ आली, तीही सरकारी कंपन्यांचीच. १९९९ च्या कायद्याने खासगी कंपन्यांना दार उघडले. परदेशी भांडवलाची मर्यादा २६ टक्के होती. ती २०१५ मध्ये ४९ आणि २०२१ मध्ये ७४ टक्के झाली. भांडवल घालणारा नफा मागणारच. हप्ता आधीच जमा झालेला असतो. नाकारलेल्या दाव्याचा पैसा कंपनीकडेच राहतो. मोठ्या शस्त्रक्रियेचे कागद म्हणूनच अधिक बारकाईने चाळले जातात.

मग सरकारी मालकी हाच उपाय? राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर सुरू झाली. हप्ता राज्याचा, विमा नॅशनल इन्शुरन्स या सरकारी कंपनीचा. २०१७ मध्ये योजनेला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. २०२० मध्ये काम युनायटेड इंडियाकडे गेले, तीही सरकारीच. बुलढाण्यासह चौदा जिल्ह्यांत पांढरे कार्ड असलेल्या शेतकऱ्यांनाही योजनेत घेतले गेले. जुन्या आजाराची आडकाठी येथे नाही, हा फरक लहान नव्हे.

पण पैसे ठरलेल्या पॅकेजप्रमाणे मिळतात, आणि हृदयाची शस्त्रक्रिया करणारी रुग्णालये दूरच्या शहरांत, बहुतेक खासगी. माझा शेजारी अशाच एका रुग्णालयात गेला. योजनेतली खाट रिकामी नव्हती. पैसे भरणाऱ्यासाठी त्याच दिवशी होती.

आंध्र प्रदेशाने याहून पुढचे पाऊल टाकले. तेथील ‘आरोग्यश्री’ २००७ मध्ये खासगी स्टार हेल्थकडे विमा सोपवून सुरू झाली; २००८ मध्ये वाढवलेल्या उपचारांचे पैसे सरकारी ट्रस्टच थेट देऊ लागला. नफ्याचा वाटेकरी गेला. मात्र अशा व्यवस्थेत सरकारची बिले थकली, की रुग्णालये हात आखडतात.

म्हणजे मालकी बदलली की नकाराची जागा बदलते. खासगी कंपनीचा नकार निदान कागदावर असतो. तो घेऊन विमा लोकपालाकडे जाता येते. ‘खाट नाही’ हा तोंडी नकार कोणापुढे ठेवायचा? योजनेतल्या रुग्णाला परत पाठवताना कारण, तारीख आणि सही असलेला कागद दिलाच पाहिजे, एवढी सक्ती तरी मालक असलेल्या सरकारला करता येईल.

शेजाऱ्याची बायपास अखेर झाली, दोन एकर गहाण ठेवून. पिशवी अजून खुंटीला आहे. तीत कंपनीचे पत्र आहे. खाट नाकारल्याचा कागद मात्र नाही.