दोन कुलुपांचा डाव

यंदाच्या मे महिन्यात आमच्या नांदेडच्या घरी रात्री जेवणं आटोपली की युद्ध सुरू व्हायचं. माझा नातू माजघरात संगणकापुढे बसायचा आणि तिकडे लातुरात माझ्या धाकट्या भावाचा नातू. तिसरी खेळाडू पुण्याची, आमच्या बहिणीची नात. तिघांच्या कानांना यंत्रं लावलेली. आमच्याकडून ओरड उठली की लातूरला काहीतरी जळालं असं समजायचं आणि आमचा पोरगा गप्प झाला की उलट.

‘एज ऑफ एम्पायर्स’ हा तो खेळ. १९९७ साली तो पहिल्यांदा बाजारात आला आणि २०१८ मध्ये नव्या रूपात पुन्हा आला. इजिप्त, बाबिलोन, इराण, ग्रीस, फिनिशिया अशी जुन्या जगातली राज्यं त्यात आहेत. आपण एक राज्य घ्यायचं, मूठभर माणसांना कामाला लावायचं, लाकूड तोडायचं, धान्य पिकवायचं, सोनं आणि दगड खणायचा आणि अश्मयुगापासून लोहयुगापर्यंत मजल मारायची. एका वेळी आठ जण खेळू शकतात. मूळच्या बारा राज्यांत भारताचं एकही नाही, याचं दोघा पोरांना फार वाईट वाटलं. मग आमच्याने बाबिलोन घेतलं, कारण बाबिलोनचे तट आणि बुरूज दुप्पट मजबूत असतात. लातूरकराने हत्तींसाठी इराण घेतलं. मुलीने फिनिशिया घेतला आणि एका बेटावर जाऊन गप्प बसली.

बेचाळीस वर्षांपूर्वी मी बँकेत लागलो. पुढची सगळी नोकरी नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांच्या शाखांतून झाली. त्यामुळे ही चुरस मला नवीन नाही. लातूर जिल्हा झाला तोच मुळी १९८२ साली. पण आपण थोरले की धाकटे हा वाद दोघांनीही कधी मान्य केला नाही. शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण असे चार मुख्यमंत्री या दोन जिल्ह्यांनी महाराष्ट्राला दिले. एवढी भाग्यरेषा असलेल्या शेजाऱ्यांमध्ये हिशेब चालणारच. १९९४ साली विद्यापीठ नांदेडला झालं, तेव्हा माझ्या लातूरच्या शाखेतला शिपाईसुद्धा आठवडाभर माझ्याकडे असा बघत होता, जणू कोनशिला मीच बसवली.

सगळ्यात लांबलेला डाव महसूल आयुक्तालयाचा. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोलीसाठी नवं आयुक्तालय नांदेडला करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने २००९ च्या सुरुवातीला घेतला. लातूरने बंद पाळले, मोर्चे काढले आणि प्रकरण न्यायालयाच्या पायरीपर्यंत गेलं. नांदेडनेही आपला हट्ट सोडला नाही. मग कागद वर्षानुवर्षं तसाच लोंबकळत राहिला आणि दोन्हीकडची माणसं पूर्वीसारखीच औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची, वाट तुडवत राहिली. नांदेडहून सुमारे अडीचशे किलोमीटर, लातूरहून थोड्याफार फरकाने तेवढंच. किनवटच्या माणसाला त्याच्या आणखी शंभर किलोमीटर अलीकडून निघावं लागतं. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

पोरांच्या भांडणात इतिहासही आला. लातूरकर म्हणाला, राष्ट्रकूट आमचे. ते स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश’ म्हणवून घेत आणि लट्टलूर म्हणजे लातूर. आमचा म्हणाला, कंधारचा किल्ला कुठल्या जिल्ह्यात आहे ते बघ. पंच म्हणून मला बोलावलं. मी सांगितलं, नाव लातूरचं हे खरं, राष्ट्रकूटांच्या खुणा कंधारला आहेत हेही खरं. पण अमोघवर्षाने नवव्या शतकात राजधानी थाटली ती मान्यखेटला, आजच्या कर्नाटकातल्या मळखेडला. त्याआधी, बुद्धाच्या काळात, सोळा महाजनपदांपैकी दक्षिणेतलं एकमेव अश्मक याच गोदावरीकाठी होतं. त्याची राजधानी पोतन, ती अभ्यासक बोधनला दाखवतात, म्हणजे तेलंगणात. दोघांचेही चेहरे पडले. पुण्याची पोरगी तेवढी यंत्रातून हसली.

आता त्यांच्या युद्धाचं सांगतो. पहिले चार दिवस चढाया झाल्या. मग दोघांनीही तट बांधले. तटामागे बुरूज, बुरुजामागे आणखी तट. इराणचे हत्ती यायचे आणि दगडांनी मरायचे. बाबिलोनचे सैनिक बाहेर पडले की हत्तींच्या पायांखाली जायचे. बुद्धिबळातल्या कोंडीसाठी आपल्याकडे जिच असा एक जुना शब्द आहे, पण बुद्धिबळात जिच झाली की निदान डाव संपतो. इथे तो रोज रात्री दहाला पुन्हा सुरू व्हायचा.

मी मागे खुर्ची टाकून बसू लागलो. कर्जवसुलीत आयुष्य गेलेल्या माणसाला कुठला माल कुठे चाललाय ते आपोआप दिसतं. त्या खेळात तोडलेलं झाड पुन्हा उगवत नाही. शेतही काही काळाने संपतं आणि ते नव्याने करायला लाकूड लागतं. म्हणजे जंगल गेलं की धान्य गेलं. सोन्याच्या खाणी संपल्यावर सोनं मिळवायची एकच वाट, दुसऱ्याच्या बंदरात गलबत नेऊन व्यापार करायचा. पण ज्याचं बंदर जवळ त्याच्याशीच वैर! मी आमच्या पोराला म्हणालो, “अरे, तुझ्याकडे झाडं किती उरली?” तो म्हणाला, “आजोबा, त्याच्याकडे माझ्यापेक्षा कमी आहेत.” शाखेत मी हे उत्तर किती वेळा ऐकलंय! एका विहिरीवर दोन भावांचा हक्क, मोटारीसाठी कर्ज मंजूर, पण मोटार कुणाच्या नावावर घ्यायची यावर दोघांचे ऊस वाळले, आणि थोरला येऊन मला सांगतो, साहेब, त्याचा माझ्या आधी वाळला.

पण दुसऱ्याचं कशाला सांगू?

अहमदपूरजवळ आमचं गाव आहे. नांदेडहून निघा की लातूरहून, अर्ध्या वाटेवर. तिथे आमचा वाडा आहे: दगडी ढाळज, आत चौक, वर माळवद. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी नांदेडला होतो. लातूरचा फोन लागेना. मिळेल त्या एसटीने मी निघालो. लातूरच्या स्टँडवर भाऊ समोरून धावत आला. तो मला शोधायला नांदेडच्या गाडीत बसणार होता. संध्याकाळी दोघं गावी गेलो. आईवडील सुखरूप होते, माळवदाला एक लांब चीर गेली होती. पुढच्या रविवारी आम्ही दोघांनी गाढवांवरून पांढरी माती आणवली, चीर बुजवली आणि माळवद चोपून काढलं. आई खालून ओरडत होती, “पडाल रे दोघं!”

वडील गेल्यावर वाटणीचा विषय निघाला. रस्त्याच्या बाजूचा अर्धा वाडा त्यालाही हवा आणि मलाही हवा. काय वाईट बोललो ते लिहीत नाही. २०११ साली त्याने दाराला कुलूप लावलं, आठ दिवसांनी मी जाऊन त्याच कडीला माझं लावलं. दोन किल्ल्या एकत्र आल्याशिवाय दार उघडत नाही. माळवदावर दर पावसाळ्याआधी माती टाकावी लागते. ती तेव्हापासून पडली नाही. गावचा माणूस सांगतो, मागच्या बाजूची दोन खणं बसली, सागवानी तुळई उघडी पडली आहे. मी विचारतो, पुढची बाजू शाबूत आहे ना? भावाचाही पहिला प्रश्न हाच असतो, असं तो माणूस म्हणतो.

आणि बहीण? मुलीचा हिस्सा असतो हे कायद्याने सांगण्याआधीपासून मला ठाऊक होतं, दुसऱ्यांच्या कागदांवर मी तो तपासत होतो. आमच्या वाटणीत मात्र तिचं नाव ना त्याने काढलं, ना मी.

एकोणिसाव्या रात्री संगणकातून मोठा आवाज झाला. फिनिशियाने ‘आश्चर्य’ बांधायला घेतलं होतं. या खेळात प्रचंड स्मारक उभं करून ते दोन हजार वर्षं टिकवलं की सगळं जिंकलं. ही वर्षं घड्याळात झरझर संपतात. पुण्याच्या पोरीच्या बेटावर जंगल तसंच उभं होतं. दोघांनी तिच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं. आता बेटावर चाल करायची तर गलबतं हवीत आणि गलबताला लाकूड हवं. दोघांचीही लाकडाची कोठारं रिकामी होती.

आमच्या पोराने कानाचं यंत्र काढलं. “आजोबा, आम्ही दोघं मिळून अजून वाचू शकतो. उरलंसुरलं सगळं एकाला दिलं की एक-दोन जहाजं होतील. पण त्यासाठी मैत्रीचं बटण दाबावं लागतं.”

“मग दाब की.”

“मी दाबलं की माझे सैनिक त्याच्यावर हल्ला करणं थांबवतात. त्याने नाही दाबलं तर त्याचे हत्ती आत येतील. आधी त्याने दाबायला पाहिजे.”

“तो काय म्हणतो?”

“तेच.”

घड्याळ संपेपर्यंत दोघंही बटणाकडे बघत राहिले. पुण्याहून किंकाळी ऐकू आली. नंतर तिघंही बराच वेळ खिदळत होते आणि दुसऱ्या दिवशी नवा डाव मांडायचं ठरवत होते. पोरांचं ते बरं असतं.

लहानपणी त्याच वाड्याच्या ढाळजेत उन्हाळाभर सोंगट्या चालायच्या. चौघांचा पट. समोरासमोर बसणारे एकमेकांचे भिडू, म्हणून मी आणि भाऊ नेहमी समोरासमोर. एका घरात दोन सोंगट्या आल्या की जुग होतो आणि जुगाला कुणी मारू शकत नाही. त्याला धीर कमी, पौ पडली रे पडली की तो एकटी सोंगटी पुढे काढायचा आणि मी पटावरून डोळे वटारायचो. तो पट कापडाचा होता. वाड्यातच कुठेतरी कोनाड्यात असेल, ओला झाला नसेल तर.

रात्री साडेअकराला मी भावाला फोन लावला. या वेळी फोन गेला म्हणजे कुणी गेलं असं त्याला वाटलं असणार. “काय झालं?” त्याने घाबरून विचारलं.

“काही नाही. पोरं हरली दोघं.”

“ऐकलं. इथंबी लई आरडाओरडा चाललाय.”

मग बराच वेळ कुणीच बोललं नाही. त्याच्या पंख्याचा आवाज येत होता. मी म्हणालो, “मृग आठ-दहा दिवसांवर आलाय. मागच्या खणांवर ताडपत्री तरी टाकावी म्हणतो. येत्या रविवारी मी अहमदपूरला उतरतो. ताईलाही विचारू.”

“ताईला?” तो थांबला. “बरं. पण दादा, माझी किल्ली कुठं ठेवलीय ते शोधावं लागंल.”